रंगाची साक्ष

शास्त्राच्या इतिहासांत सिद्धांतांना जेवढा मान मिळतो तेवढा कसबांना मिळत नाहीं. सिद्धांत सांगणाऱ्याचें नांव पाठ्यपुस्तकांत येतें. ज्या हातांनीं कांच घासली, काप काढले आणि रंग चढविले त्यांचा उल्लेख झालाच तर तळटीपेंत होतो. वास्तविक सूक्ष्मदर्शकाखालीं जें दिसतें त्यांतील बहुतेक सर्व रंजनाच्या कसबामुळें दिसतें. जीवपेशी स्वभावतः पारदर्शक असते, आणि रंग चढविल्यावांचून तिच्या अंतरंगाचा फारसा थांग लागत नाहीं. या कसबाच्या एका लहानशा शाखेचा वृत्तांत प्रस्तुत लेखांत द्यावयाचा आहे. परोपजीवी प्राण्यांच्या पुटींत जीं कर्बोदकें, म्हणजे साखरेच्या जातीचीं द्रव्यें, असतात तीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकास दिसावींत म्हणून शास्त्रज्ञांनीं कोणत्या युक्त्या योजल्या, त्या कोठें सफल झाल्या आणि कोठें फसव्या ठरल्या, एवढाच हा विषय. तो दिसावयास अगदीं कोपऱ्यांतला आहे. परंतु "आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें" या शब्दांना पुराव्याच्या दृष्टीनें किती किंमत द्यावी, हा मोठा प्रश्न त्याच कोपऱ्यांत येऊन बसला आहे.

प्रथम पुटी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. मनुष्याच्या आंतड्यांत राहणारे कांहीं एकपेशीय परोपजीवी प्राणी आंत असतात तोंपर्यंत मऊ, चंचल व खादाड असतात. परंतु बाहेर पडण्याची वेळ आली म्हणजे ते अंग आंखडून घेतात, हालचाल थांबवितात आणि स्वतःभोंवतीं एक चिवट भिंत उभारतात. या अवस्थेस पुटी म्हणतात. आमांशाच्या अमीबाची पुटी साधारणपणें १० ते २० मायक्रोमीटर व्यासाची असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिआर्डियाची पुटी तिच्याहून थोडी लहान. पाण्यांत अगर ओलसर मातींत ती दिवसच्या दिवस टिकते. पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत गेली म्हणजे जठरांतील आम्लांतून सुखरूप पार पडते, आणि आंतड्यांत पोंचल्यावर तिच्यांतून प्राणी पुन्हां बाहेर येतो. प्राणी स्वतः दुर्बळ आहे. त्याचें सारें बळ त्या भिंतींत आहे.

हें बळ किती आहे तें माणसांना महागांत पडून कळलें. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनें १६८१ सालीं स्वतःच्या मलांत जे चिमुकले प्राणी पाहिले ते जिआर्डियाच असावेत असें मानतात. पण ते धांवणारे प्राणी होते, निजलेली पुटी नव्हे. अमीबाच्या पुटीचें वर्णन क्विंके व रूस या जर्मन वैद्यांनीं १८९३ सालीं केलें. तिचें महत्त्व निर्विवाद ठरलें तें १९१३ सालीं. वॉकर व सेलर्ड्स यांनीं मनिला येथील तुरुंगांतील वीस स्वयंसेवकांना अमीबा खाऊं घातले. त्यांपैकीं अठरा जणांच्या शरीरांत अमीबानें घर केलें आणि चौघांना आमांश झाला. कैद्यानें दिलेली संमति कितपत खरी मानावी, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनांत येईल आणि तो यावा हेंच योग्य आहे. १९३३ सालीं शिकागो येथें जागतिक प्रदर्शन भरलें असतां दोन हॉटेलांतील सदोष नळांमुळें सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें, अमीबाच्या आमांशाची सांथ पसरली आणि ९८ माणसें दगावलीं. जिआर्डियाची पुटी तर नेहमींच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरिनलाहि सहजासहजीं दाद देत नाहीं. पाणी उकळलें म्हणजे मात्र ती मरते. तेव्हां ही भिंत कशाची बनलेली आहे, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता.

पुटीवर चढलेला पहिला उपयोगी रंग आयोडीनचा. हें द्रव्य कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास १८११ सालीं समुद्रशैवालाच्या राखेंत सांपडलें. पिष्टाशीं संबंध आला असतां तें निळें होतें ही गोष्ट १८१४ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १८५७ सालीं क्लोद बर्नार यानें यकृतांतून एक पिष्टासारखें द्रव्य वेगळें केलें व त्यास ग्लायकोजेन हें नांव दिलें. आयोडीन या द्रव्यास निळें न करितां तांबूस तपकिरी करितें. पहिल्या महायुद्धांत आमांशानें पछाडलेल्या हजारों सैनिकांचे मल तपासण्याची वेळ आली, तेव्हां हा साधा थेंब फार कामास आला. आमांशाच्या अमीबाच्या कोंवळ्या पुटींत ग्लायकोजेनचा सांठा असतो आणि आयोडीननें तो तपकिरी दिसतो. पुटी पक्व होऊन तिच्यांत चार केंद्रकें तयार होईपर्यंत तो सांठा खर्चून गेलेला असतो. म्हणजे एकाच रंगावरून पुटीची शिदोरीहि कळते आणि तिचें वयहि कळतें. एका निराळ्या अमीबाच्या पुटींत तर हा सांठा इतका मोठा व ठसठशीत दिसे कीं, वेन्यन यानें तिचा उल्लेख "आयोडीन-पुटी" असाच केला, आणि १९१९ सालीं डोबेलनें त्या प्राण्याच्या प्रजातीस आयोडअमीबा हें नांव देऊन टाकलें. रंजकावरून प्राण्याचें बारसें व्हावें, असे प्रसंग शास्त्रांत विरळाच.

परंतु आयोडीनचा रंग टिकत नाहीं, आणि तो सांठ्यावर चढतो. भिंतीविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. याहून अधिक विश्वसनीय साधन तीन निरनिराळ्या माणसांच्या कामांतून तयार झालें. शिफ यानें १८६६ सालीं असें दाखविलें कीं, फुक्सिन नांवाचा किरमिजी रंग गंधकाच्या धुरानें घालविला, तरी अल्डिहाइड जातीचें द्रव्य भेटतांच तो पुन्हां उमटतो. मालाप्राद या फ्रेंच रसायनज्ञानें १९२८ सालीं पर-आयोडिक आम्लाचा एक चमत्कारिक गुण नोंदला. साखरेच्या कड्यांत जेथें शेजारशेजारच्या दोन कर्ब-अणूंवर मोकळे हायड्रॉक्सिल गट असतात, तेथेंच हें आम्ल त्या दोन अणूंमधील बंध तोडतें आणि तुटलेल्या टोंकांशीं अल्डिहाइड निर्माण करितें. ही तोडणारी कात्री व तो परत उमटणारा रंग यांची गांठ मॅकमॅनस यानें १९४६ सालीं ऊतींच्या कापांवर घालून दिली. तेव्हांपासून जगांतील प्रयोगशाळांत ही पद्धति रूढ झाली. तिच्याबरोबर एक नमुनेदार उलटतपासणीहि चालत आली आहे. दोन काप घ्यावयाचे व एकावर आधीं माणसाची लाळ सोडावयाची. लाळेंतील पाचक द्रव्य ग्लायकोजेन खाऊन टाकतें. त्यामुळें त्या कापावरचा रंग नाहींसा झाला तर तें ग्लायकोजेनच होतें असें समजावें. रंग तसाच राहिला तर तेथें दुसरें कांहींतरी आहे. पुढील कथेंत ही उलटतपासणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

इतक्यांत सूक्ष्मदर्शकाचेंच स्वरूप पालटलें. प्रकाशाच्या लहरींच्या लांबीमुळें साध्या सूक्ष्मदर्शकास साधारण मायक्रोमीटरच्या पांचव्या हिश्शापलीकडे बारकावा दाखवितां येत नाहीं. क्नोल व रुस्का यांनीं बर्लिन येथें १९३१ सालीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून नवें यंत्र उभें केलें आणि ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला झाला. रुस्का यास नोबेल पारितोषिक मिळालें तें १९८६ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनीं. परंतु या नव्या दृष्टीची एक किंमत द्यावी लागली. इलेक्ट्रॉनांच्या जगांत रंग नाहीं. तेथें केवळ छाया व प्रकाश आहे. जड अणु इलेक्ट्रॉनांना उधळून लावतात म्हणून काळे दिसतात. हलके अणु त्यांस जाऊं देतात म्हणून फिके दिसतात. साखर ही कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन या हलक्या अणूंची बनलेली, त्यामुळें ती जवळजवळ अदृश्य. शिफचा सुंदर किरमिजी रंगहि येथें निरुपयोगी, कारण तोहि हलक्याच अणूंचा. ऑस्मियम, शिसें व युरेनियम यांच्या संयुगांनीं पेशींतील पडदे व केंद्रकें स्पष्ट होत. परंतु साखर, आणि तीच साखर, नेमकी ओळखून काळी करावयाची असेल तर तिच्याच अंगावर जड धातूचा अणु नेऊन बसविला पाहिजे, हें उघड झालें.

ही युक्ति पॅरिसच्या तिएरी यानें १९६७ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत पहिली पायरी जुनीच होती: पर-आयोडिक आम्लानें साखरेचें कडें तोडून अल्डिहाइड निर्माण करावयाचें. दुसऱ्या पायरीस थायोकार्बोहायड्रॅझाइड नांवाचा रेणु आणला. हा रेणु दुभाष्यासारखा आहे. एका हातानें तो अल्डिहाइडला धरतो आणि दुसऱ्या हातानें धातूला बोलावतो. अमेरिकेंत सेलिगमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं याच रेणूकडून ऑस्मियम आणविलें होतें. तिएरीनें चांदी आणविली. चांदी व प्रथिन यांच्या संयुगाच्या द्रावणांत काप अंधारांत ठेविले म्हणजे जेथें साखर होती तेथें चांदीचे अतिसूक्ष्म काळे कण जमतात. काप ज्या जाळीवर ठेवावयाचे ती नेहमींच्या तांब्याची चालत नाहीं, कारण तांबें चांदीच्या द्रावणाशीं स्वतःच व्यवहार सुरू करितें. म्हणून जाळी सोन्याची घ्यावी लागते.

पुटीच्या बाबतींत या कामाला आणखी एक अडचण होती. जी भिंत जठरांतील आम्लाला आंत येऊं देत नाहीं, ती स्थिरीकरणाचें औषध आणि काप काढण्यासाठीं भरावयाची राळ यांनाहि सुखासुखीं आंत येऊं देत नाहीं. कित्येकदां भिंत सुबक दिसे आणि आंतला प्राणी मात्र आक्रसून गेलेला असे. शिवाय १९६३ पासून ग्लुटरअल्डिहाइड हें स्थिरीकरणाचें मुख्य औषध होऊन बसलें होतें. तें नांवाप्रमाणेंच अल्डिहाइड असल्यामुळें स्वतःच चांदीला आमंत्रण देई. म्हणून प्रत्येक प्रयोगांत एक काप पर-आयोडिक आम्ल न लावतां पुढच्या सर्व पायऱ्यांतून न्यावयाचा, आणि त्यावरहि काळे कण दिसले तर त्या पुराव्यावर विश्वास ठेवावयाचा नाहीं, असा दंडक पडला. लाळेच्या प्रयोगांत जें शहाणपण होतें तेंच हें, फक्त उपकरणें बदललीं.

या पद्धतीनें पुटींतील सांठे उत्तम दिसूं लागले. ज्याचा आयोडीननें केवळ एक तपकिरी डाग दिसे त्या ग्लायकोजेनचे सुटे सुटे कण मोजतां येऊं लागले. परंतु भिंतीच्या बाबतींत पद्धतीच्या रसायनांतच एक उणीव दडलेली होती. पर-आयोडिक आम्लाला तोडण्यासाठीं शेजारशेजारचे दोन मोकळे हायड्रॉक्सिल गट हवेत. ग्लायकोजेनमध्यें ते आहेत. कीटकांच्या कवचांत असणारें जें कायटिन, त्याच्या कड्यांत दुसऱ्या कर्ब-अणूवर नायट्रोजनयुक्त गट बसलेला असतो व चौथा अणु पुढच्या कड्याशीं जोडलेला असतो. तेव्हां तिसऱ्या अणूवरील हायड्रॉक्सिल एकटाच उरतो आणि कात्रीला धरावयास जागाच राहत नाहीं. भिंत जर मुख्यतः अशा द्रव्याची असेल, तर तिच्यावर जी चांदी चढेल ती धाग्यांची साक्ष नव्हे. त्या धाग्यांत गुंफलेल्या प्रथिनांवर ज्या इतर शर्करा असतात त्यांची ती साक्ष होय. आणि कांहींच चढलें नाहीं, तर "येथें कर्बोदक नाहीं" असा निष्कर्ष काढणें साफ चूक ठरेल. साक्षीदारास जें विचारलें त्याचेंच उत्तर तो देतो; न विचारलेल्या गोष्टींविषयीं तो मौन पाळतो, आणि त्या मौनाचा अर्थ "नाहीं" असा नसतो.

भिंतीला निराळा प्रश्न विचारणारीं साधनें वनस्पतींच्या बियांतून आलीं. एरंडाच्या बियांचा अर्क रक्तपेशींना एकमेकींस चिकटवितो हें श्टिलमार्क यानें १८८८ सालीं दाखविलें होतें. अबईच्या जातीच्या शेंगांतून समनर यानें १९१९ सालीं असेंच एक प्रथिन वेगळें केलें. गव्हाच्या अंकुरांतहि तसें एक आहे. हीं प्रथिनें पेशीच्या पृष्ठभागावरील ठराविक साखर ओळखून तिलाच धरतात. म्हणून १९५४ सालीं बॉइडनें त्यांस "वेंचणें" या अर्थाच्या लॅटिन धातूवरून लेक्टिन हें नांव दिलें. यांत आपल्या घरचें एक धान्यहि आहे. भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेंतील बर्ड यानें १९५१ सालीं बंगळूरच्या "करंट सायन्स" या नियतकालिकांत असें प्रसिद्ध केलें कीं, कुळथाचा अर्क माणसाच्या कांहीं रक्तपेशींना निवडून एकत्र आणतो. पुढें तो "अ" गटांतील पोटभेद ओळखण्यास जगभर वापरला गेला. कोंकणांत ज्याची पिठी घरोघर शिजते त्या कुळथानें रक्तपेढींत प्रवेश केला तो असा. लेक्टिन हलक्या अणूंचेंच. म्हणून त्याच्या अंगावर सोन्याचे सूक्ष्म कण बसविण्याची युक्ति निघाली. असे कण पाण्यांत तरंगत ठेवण्याचें शास्त्र फॅरडेनें १८५७ सालींच, बर्नारनें ग्लायकोजेन वेगळें केलें त्याच वर्षीं, मांडलें होतें. सुमारें सव्वाशें वर्षांनीं तें या कामीं आलें.

मेक्सिकोंतील आरोयो-बेगोविच व त्याच्या सहकाऱ्यांनीं सरपटणाऱ्या प्राण्यांत राहणारा एंटअमीबा इन्व्हेडन्स घेतला, कारण तो प्रयोगशाळेंत पुटी करतो. त्याच्या भिंतींत कायटिन आहे हें त्यांनीं १९८० सालीं रासायनिक पृथक्करणानें ठरविलें, आणि १९८२ सालीं सुवर्णकणांच्या साहाय्यानें तें भिंतींत नेमकें कोठें आहे हें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. येथें क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे: आधीं द्रव्य मोजलें, मग तें पाहिलें. जिआर्डियाच्या बाबतींत क्रम उलटला. १९८५ सालीं वॉर्ड व सहकाऱ्यांनीं त्याच्याहि भिंतींत कायटिन असल्याचें प्रतिपादन केलें. कायटिनला धरणाऱ्या लेक्टिनांचें बंधन हा त्यांच्या पुराव्यांतील प्रमुख आधार होता. पुरावा सुसंगत दिसत होता. अमीबाचें उदाहरण ताजें होतें. परंतु १९८९ सालीं जारोल व सहकाऱ्यांनीं भिंती शुद्ध करून व फोडून त्यांतील शर्करा मोजल्या, तेव्हां कायटिनची घटक जी ग्लुकोसामिन ती तेथें प्रमुख नव्हती. प्रमुख होती गॅलॅक्टोसामिन. २००२ सालीं गेरविग व सहकाऱ्यांनीं त्या धाग्यांची पूर्ण रचना निश्चित केली. ते धागे गॅलॅक्टोसामिनच्याच एका रूपाचे, निराळ्या सांध्यानें जोडलेले, तोंवर कोठेंहि न आढळलेले असे निघाले.

या दोन शर्करांत भेद तो किती? चौथ्या कर्ब-अणूवरील एकच हायड्रॉक्सिल गट एकींत एका दिशेस आहे, दुसरींत दुसऱ्या दिशेस. आपल्या लिपींतला दाखला द्यावयाचा तर "दिन" आणि "दीन" यांत जेवढें अंतर तेवढेंच: अक्षरें तींच, वेलांटीची बाजू बदलली आणि दिवसाचा दरिद्री झाला. घाईनें वाचणाऱ्याच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. पण व्यवहारांत त्याचें फळ लहान नाहीं. मनुष्याचें शरीर कायटिनचे धागे विणीत नाहीं. म्हणून कायटिनची वीण थांबविणारें औषध रोग्यास न दुखवितां परोपजीवीस मारील, ही आशा अमीबाच्या बाबतींत सयुक्तिक आहे. तीच आशा धरून जिआर्डियावर शर सोडला, तर तो जेथें लक्ष्यच नाहीं तेथें जाऊन पडेल.

तिसरें उदाहरण टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीचें. त्याच्या पुटी स्नायूंत व मेंदूंत वर्षानुवर्षें निजून राहतात. त्यांच्या भिंतीवर कुळथाचें लेक्टिन हटकून चिकटतें, हें माहीत झालें होतें. पण संशोधक तेवढ्यावर थांबले नाहींत. लेक्टिन ज्याला धरतें तें नेमकें काय, याचा पाठपुरावा करून २००१ सालीं त्यांनीं भिंतींतील एक शर्करायुक्त प्रथिन वर्णन केलें, आणि २०१३ सालीं त्याचें जनुक शोधून काढलें. तें जनुक काढून टाकलें असतां पुटीची भिंत ठिसूळ होते असें दिसून आलें. येथें रंग हा निकाल ठरला नाहीं, तपासाचा पहिला धागा ठरला, आणि म्हणूनच तो फळास आला.

इतिहासाच्या अभ्यासकास यांत परकें असें कांहीं वाटूं नये. आपल्याकडे राजवाड्यांनीं अस्सल पत्रांचे खंड छापण्यास १८९८ सालीं प्रारंभ केला, तेव्हां बखरींचा वाद याच स्वरूपाचा होता. बखर खोटीच असते असें नव्हे. बखरकारास जें सांगावयाचें असतें तें ती मोठ्या रंगतदारपणें सांगते. परंतु सनावळी, पत्रें व हिशेब यांच्याशीं ताडून पाहिल्यावांचून तिचा शब्द ग्राह्य धरतां येत नाहीं. रंजित कापाचें चित्रहि तसेंच आहे. तें डोळ्यांना इतकें स्पष्ट व निःसंदिग्ध दिसतें कीं, पाहणारा आपण वस्तूच पाहत आहों असें समजतो. वास्तविक तो पाहत असतो चांदी अगर सोनें. त्या धातूच्या मागें एक दुभाष्या रेणु, त्याच्या मागें एक रासायनिक क्रिया, आणि त्याहि मागें ती साखर. या सांखळींतील प्रत्येक कडी कोणी तरी तपासली आहे काय, हें विचारणें पाहणाऱ्याचें कर्तव्य आहे. आयोडीनच्या थेंबापासून सुवर्णकणांपर्यंतच्या प्रवासांत साधनें उत्तरोत्तर तीक्ष्ण होत गेलीं; परंतु लाळ सोडलेला तो दुसरा काप ठेवण्याची गरज एकाहि साधनानें संपविली नाहीं. साधन जितकें तीक्ष्ण, तितकी त्याची चूकहि खात्रीची वाटते. म्हणून तो दुसरा काप अधिकच जपून ठेवावा लागतो.